लहान होत जाणारी पावलं : अनंत श्रेणींच्या अभ्यासाची प्रस्तावना

विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकरची ५३.७८. दोघंही शारदाश्रम शाळेचे, दोघांनाही रमाकांत आचरेकर सरांनी शिवाजी पार्कात घडवलेलं, दोघांनी मिळून फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचलेली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे दोन आकडे कुणी शेजारी शेजारी ठेवले, की चर्चा फॉर्म, नशीब आणि निवड समिती या वाटेनं निघते आणि दिवेलागणीपर्यंत संपत नाही. मला या आकड्यांकडे दुसऱ्या कारणासाठी बघायचं आहे. पहिला आकडा २१ डावांतून आला आहे, दुसरा ३२९ डावांतून. ज्या विषयाची ओळख करून द्यायला हे पुस्तक लिहिलं, त्याचं दार या फरकातून उघडतं.

कांबळीचे पहिले आठ कसोटी डाव असे: १६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४, १२०. प्रत्येक डावानंतर सरासरी काढत गेलं (नाबाद डावाच्या धावा धरायच्या, भागताना तो डाव मोजायचा नाही) तर ही ओळ मिळते: १६, ३४, ४६.५०, १०५.६७, १३६, १३३.८०, ११२.१७, ११३.२९. चौथ्या डावानं सरासरी एका झटक्यात ५९नं वर उचलली. सातव्या डावातल्या चार धावांनी ती २१हून जास्त खाली ओढली. उरलेल्या तेरा डावांत मिळून २९१ धावा झाल्या आणि ती ५४.२०वर आली. आता दुसरं टोक पाहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर तेंडुलकर शेवटचा डाव खेळला, ७४ धावा केल्या, आणि त्याची सरासरी जेमतेम ०.०७नं हलली. ७४च्या जागी २२४ असत्या, तरी फरक ०.५८चाच पडला असता.

यात गूढ काही नाही. नवा डाव सरासरीला किती हलवतो, याचं गणित एका ओळीचं आहे: फलंदाज बाद झाला असेल, तर या डावातल्या धावांतून आधीची सरासरी वजा करा आणि बाद झालेल्या एकूण डावांच्या संख्येनं भागा. भागणारी संख्या वाढत जाते, म्हणून सरासरीची पावलं लहान लहान होत जातात. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. आणि इथूनच पुढचं वाक्य आपोआप तोंडात येतं, की पावलं लहान होत गेली म्हणजे सरासरी कुठेतरी स्थिरावणारच. हे वाक्य चूक आहे. ते का चूक आहे हे एकदा मनापासून कळलं, की अभिसरणाचा, म्हणजे स्थिरावण्याचा, अर्धा विषय हाती आला असं मी मानतो. म्हणून प्रस्तावनेतच त्यावर थोडा मुक्काम करतो.

एक फलंदाज कल्पनेत उभा करू. तो प्रत्येक डावात बाद होतो, आणि एकतर शून्यावर नाहीतर बरोबर १०० धावा करून. त्याला निवृत्ती नाही, त्याचे डाव कधीच संपत नाहीत. पहिल्या डावात शून्य. मग दोन डाव शंभर-शंभर. मग चार डाव सलग शून्य. मग आठ शतकं, मग सोळा शून्यं, मग बत्तीस शतकं, आणि असंच पुढे. प्रत्येक टप्पा आधीच्या दुप्पट लांबीचा. तीन डावांनंतर त्याच्या २०० धावा, सरासरी ६६.६७. सात डावांनंतर त्याच २०० धावा, सरासरी २८.५७. पंधरा डावांनंतर १०००, म्हणजे पुन्हा ६६.६७. एकतीस डावांनंतर ३२.२६. त्रेसष्ट डावांनंतर ४२०० धावा, म्हणजे पुन्हा नेमकी ६६.६७. एकशे सत्तावीस डावांनंतर ३३.०७. दहा लाख डाव उलटले तरी हेच चालू राहतं. तेव्हा एखाद्या डावानं सरासरीत फरक पडतो तो ०.०००१च्या आतला, स्कोअररच्या दोन दशांश स्थळांत तो दिसणारही नाही. तरीसुद्धा ही सरासरी ३३च्या आसपासहून ६७कडे आणि ६७हून पुन्हा ३३कडे अशी कायमची हेलकावत राहते. पावलं हवी तेवढी लहान झाली, आणि ती कुठेच स्थिरावली नाही.

मग कमी काय पडलं? लहान पावलं लहान होती, पण त्यांची बेरीज लहान नव्हती. शंभराव्या डावानंतरचं पाऊल जास्तीत जास्त एका धावेचं, हजाराव्यानंतरचं एकदशांश धावेचं. अशा पावलांचा ढोबळ हिशेब म्हणजे १ + १/२ + १/३ + १/४ + … ही श्रेणी. तिची बेरीज १०च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागतात. २०च्या पुढे जायला २७,२४,००,६०० पदं. सेकंदाला एक या वेगानं न झोपता बेरीज करत राहिलं तर साडेआठ वर्षांहून जास्त. इतक्या संथपणे चालणारी गोष्ट कधीतरी थकेल असं कुणालाही वाटावं. ती थकत नाही, आणि हे सुमारे १३५० साली फ्रान्समध्ये निकोल ओरेम यानं दाखवून दिलं. त्याची युक्ती दोन ओळींत मावते. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं, १/५ ते १/८, मिळून अर्ध्याहून जास्त. त्यापुढची आठ मिळूनही अर्ध्याहून जास्त. टप्पा दुप्पट करत जा, प्रत्येक टप्प्यात अर्धा मिळतोच, आणि टप्पे कधी संपत नाहीत. आपल्या फलंदाजाचे टप्पेही असेच दुप्पट होत गेले होते, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. तो योगायोग नाही. त्याला हेलकावायला रस्ता मिळाला तो याच श्रेणीतून.

याउलट १/२ + १/४ + १/८ + … घ्या. इथे कुठल्याही पदापाशी थांबून पुढे बघितलं, तर उरलेला सगळा रस्ता मिळून नुकत्याच टाकलेल्या पावलाएवढाच असतो. म्हणून इथे खात्री देता येते. दहाव्या पदानंतर बेरीज १पासून १/१०२४ इतकी दूर आहे आणि यापुढे याहून दूर कधीच जाणार नाही. एक पाऊल किती लहान, हा प्रश्न फसवा. उरलेला रस्ता एकूण किती, हा खरा प्रश्न.

सीमेची व्याख्या या प्रश्नाचंच काटेकोर रूप आहे. फ्रान्सच्या कोशीनं १८२१च्या आपल्या पाठ्यपुस्तकात तिला आकार दिला आणि पुढे जर्मनीच्या वायरश्ट्रासनं तिच्यातली शेवटची ढिलाई काढून टाकली. ती संवादासारखी वाचावी, असं माझं वाचकांना आग्रहाचं सांगणं आहे. समोरचा माणूस आधी बोलतो: मला इतका फरक चालेल, याहून जास्त नाही. मग मी उत्तर देतो: ठीक, अमुक पदापासून पुढचं प्रत्येक पद तेवढ्या फरकाच्या आत राहील. तो फरक कितीही बारीक मागो, मला दर वेळी असं पद दाखवता आलं, तरच सीमा आहे असं म्हणायचं. बोलण्याचा हा क्रम उलटता येत नाही. आणि ‘पुढचं प्रत्येक’ हे दोन शब्द सर्वांत महागाचे आहेत, कारण आपला फलंदाजही ५०च्या अगदी जवळून अगणित वेळा जातो. तिथे राहत मात्र नाही. व्याख्येतला आणखी एक गर्भितार्थ सुरुवातीच्या दोन आकड्यांना लागू पडतो. आरंभीची हजार पदं बदलली तरी सीमा बदलत नाही. ती ठरते शेपटावरून. म्हणून ५४.२० काय किंवा ५३.७८ काय, या सीमा नव्हेत. खेळ थांबला तिथले हे आकडे आहेत. दुसऱ्यावर आपण जास्त भरवसा ठेवतो तो संख्याशास्त्राच्या आधारे, खेळाडूची कुवत फार बदलत नाही असं गृहीत धरून. ते गृहीतक गणितानं दिलेलं नाही, ते आपण पदरचं घातलेलं आहे.

शिकवताना सर्वांत जास्त गोंधळ ‘पोहोचण्या’वरून होतो. पोहोचणाऱ्या क्रमिकेचं उत्तम उदाहरण आपल्या घरचंच आहे. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत ते मांडलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. शिवाजी पार्क लोकांसाठी खुलं झालं ते १९२५ हे साल घेतलं, तर ९५२१ वजा १२५९ म्हणजे ८२६२, मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. यापुढे दर वेळी ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे येते आणि तिथेच राहते. १/२ + १/४ + १/८ + … चं असं नाही. तिची एकही अंशबेरीज, म्हणजे कुठल्याही पदापर्यंतची बेरीज, १ नसते. तरी तिची सीमा १च, तितकीच ठाम. सीमेला पोहोचण्याची गरजच नाही, हे ज्याला कापरेकरांच्या उदाहरणाशेजारी ठेवून दिसलं, त्याचा पुढचा प्रवास सोपा होतो.

इतिहासाबद्दल एक प्रकरण पुस्तकात आहे, आणि ते मी मुद्दाम लीलावतीपासून सुरू केलं आहे. सह्याद्रीच्या आश्रयानं राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात श्रेढीव्यवहार आहे. चढत्या श्रेढी, गुणोत्तर श्रेढी, त्यांच्या बेरजा. पण सगळ्या मोजक्या पदांच्या. अनंत पदांची बेरीज तिथे नाही. ती दोनेकशे वर्षांनी केरळात आली, संगमग्रामच्या माधवाकडून. या माधवाची वर्तुळाच्या परिघाबद्दलची वचनं आपल्यापर्यंत ज्या ग्रंथांतून पोहोचली, त्यांतला एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे सोळाव्या शतकातली ‘क्रियाक्रमकरी’, आणि ती लीलावतीवरची टीका आहे. सह्याद्रीत लिहिलेल्या पोथीच्या समासात केरळनं अनंत श्रेणी लिहावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे गणिताच्या इतिहासाचा अभिमान पुष्कळ बोलला जातो. त्यातला हा तपशील मात्र फारसा कानावर पडत नाही.

माधवाची श्रेणी अशी: ४ − ४/३ + ४/५ − ४/७ + … , आणि तिची सीमा पाय. इथे पदं लहान होत जातात आणि आळीपाळीनं जमा-वजा होतात, म्हणून कुठेही थांबलं तरी चूक पुढच्या पदाहून कमी असते. खात्री आहे, पण गती नाही. दहा पदांची बेरीज ३.०४१८, शाळेतलं ३.१४सुद्धा नाही. हजार पदं घेतली तरी चूक एकसहस्रांशाच्या घरात. केरळच्या या परंपरेचं मोठेपण मला इथे दिसतं. श्रेणी मिळाल्यावर ते थांबले नाहीत. उरलेला रस्ता किती, हेच त्यांनी मोजायला घेतलं. दहा पदांनंतर ढोबळमानानं १/१० उरतं, म्हणून तेवढं मिळवा: ३.१४१८. याहून नेमकं हवं असेल तर १/१०च्या जागी ४०/४०१ मिळवा: ३.१४१५९०. त्याहून नेमकं हवं तर ४०४/४०५०: ३.१४१५९२७, म्हणजे सात दशांश स्थळांपर्यंत बरोबर. फक्त दहा पदं आणि शेपटाचा एक अंदाज! वाचकानं कॅल्क्युलेटर घेऊन हे जरूर करून पाहावं. युरोपात व्याख्या काटेकोर होण्याच्या कितीतरी शतकं आधी शेपटाचा विचार इतक्या बारकाईनं झाला होता.

आता पुन्हा सरासरीकडे, कारण सरासरी हे या विषयातलं एक हत्यारही आहे. १ − १ + १ − १ + … या श्रेणीच्या अंशबेरजा १, ०, १, ० अशा येतात, सीमा नाही. पण या अंशबेरजांची सरासरी काढत गेलं तर १, १/२, २/३, १/२, ३/५, … अशी ती १/२कडे जाते. इटलीच्या चेझारोनं १८९०मध्ये हीच पद्धत रीतसर मांडली: बेरजा स्थिरावत नसतील तर त्यांच्या सरासऱ्या स्थिरावतात का ते बघा. ज्यांची बेरीज आधीच स्थिर आहे, त्यांना ही पद्धत धक्का लावत नाही. जुनंच उत्तर देते. अपसारी, म्हणजे न स्थिरावणाऱ्या, श्रेणी टाकाऊ समजण्याची सवय इथून सुटू लागली.

या पद्धतीनं आपल्या फलंदाजाचं काही भलं होतं का? नाही. त्याच्या सरासरीची सरासरी काढा, तिची पुन्हा सरासरी काढा, कितीही वेळा. हेलकावा कमी होतो, नाहीसा होत नाही. मग काही वेगळं करायला हवं. सगळ्या डावांना सारखं वजन देण्याऐवजी पहिल्या डावाला वजन १, दुसऱ्याला १/२, तिसऱ्याला १/३, शंभराव्याला १/१०० असं देऊ, आणि भारित सरासरी काढू. आता ओरेमची युक्ती आठवा. दुप्पट होत जाणाऱ्या टप्प्यांत १/२ + १/३, मग १/४ ते १/७, मग १/८ ते १/१५ या बेरजा येतात: ०.८३, ०.७६, ०.७३, आणि पुढे त्या ०.६९३च्या जवळ जात राहतात. म्हणजे टप्पा दोन डावांचा असो की दहा लाख डावांचा, त्याचं वजन जवळपास सारखंच. शून्यांचा टप्पा आणि शतकांचा टप्पा आता बरोबरीचे झाले, आणि एकूण वजन अनंताकडे जात असल्यामुळे एकेका टप्प्याचा प्रभाव संपत गेला. ही भारित सरासरी ५०कडे जाते आणि तिथे खरोखर स्थिरावते. ज्या श्रेणीनं हेलकाव्याला रस्ता दिला होता, तिच्याच पदांनी तो मिटवला.

अशा भारित सरासऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास हंगेरीच्या मार्सेल रीस यानं केला. त्यावरचं एक मानाचं पुस्तक, के. चंद्रशेखरन आणि एस. मीनाक्षिसुंदरम यांचं ‘टिपिकल मीन्स’, १९५२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रंथमालेत आलं. संस्थेचा कुलाब्याचा परिसर तेव्हा उभा राहायचा होता. ती अपोलो बंदरावर जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. दादरहून तासाभरात जाता येईल अशा ठिकाणी हा विषय जगाच्या बरोबरीनं हाताळला जात होता. मराठीत मात्र त्यावर सर्वसाधारण वाचकासाठी फारसं लिहिलं गेलं नाही. हे पुस्तक लिहिण्यामागे ती रुखरुख आहे.

पुस्तक वाचायला दहावीपर्यंतचं गणित पुरतं. लॉगॅरिथम जिथे लागतो तिथे तो समजावून दिला आहे. अभिसरणाच्या कसोट्या, म्हणजे गुणोत्तराची, मुळाची, तुलनेची, या सगळ्या आहेत, पण चौथ्या प्रकरणापासून. त्या आधी पाठ केल्या, तर उत्तरं बरोबर येतात आणि आपण नेमकं काय सिद्ध केलं ते कळत नाही. पहिली तीन प्रकरणं कागद-पेन्सिल घेऊन, सावकाश, शक्य तर दोघांनी मिळून वाचावीत: एकानं फरक सांगायचा, दुसऱ्यानं पद शोधायचं.

आणि एक काम आधीच देऊन ठेवतो. आपल्या फलंदाजाचे टप्पे दुप्पट न करता वर्ग करत न्या: पहिला टप्पा दुसऱ्या डावाला संपतो, दुसरा चौथ्या डावाला, तिसरा सोळाव्या, चौथा २५६व्या, पाचवा ६५,५३६व्या. एक टप्पा शून्यांचा, पुढचा शतकांचा, असंच आळीपाळीनं. आता १, १/२, १/३ ही वजनंसुद्धा अपुरी पडतात. भारित सरासरी पुन्हा ३३च्या आसपासहून ६७कडे हेलकावू लागते, कारण प्रत्येक टप्प्याचं वजन आधीच्या सगळ्यांच्या एकूण वजनाच्या बरोबरीचं होतं. दुसऱ्या डावापासून सुरुवात करून प्रत्येक डावाला ‘१ भागिले, क्रमांक गुणिले क्रमांकाचा लॉग’ एवढं वजन देऊन बघा. या वजनांची बेरीज १ + १/२ + १/३ + …पेक्षाही कितीतरी संथपणे वाढते, तरी ती अनंताकडेच जाते. ते का, आणि फलंदाज या वेळी पन्नासावर का येतो, याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात आहे; पण पहिले २५६ डाव हातानं मांडून झाल्याशिवाय ते पान उघडू नये.